देवाचं खातं

येरमाळ्याहून वाशीच्या रस्त्याला लागलं की माळ सुरू होतो आणि माळावर पवनचक्क्या. त्यातल्या एकीची सावली, दुपार कलली की, हरणाबाईच्या अंगणात उतरायची. पातं फिरेल तशी लोकरीच्या ढिगावरून, मागाच्या खोलीवरून, उंबऱ्यावरून सरकत जायची. पाठमोऱ्या माणसाला वाटावं, कुणीतरी दारात आलं, आत बघितलं आणि माघारी गेलं.

दीपाली ईट गावाहून नवरी होऊन इथं आली तेव्हा ती चक्की नव्हती. चक्की उभी राहिली आणि त्याच साली तिचा दीर रामहरी गेला. पहिले पंधरा दिवस दीपाली प्रत्येक सावलीला मान वर करायची. मग सवय झाली. तिच्या सासूला, हरणाबाईला, सवय झाली नाही. म्हातारी दर सावलीला चरखा थांबवायची, दाराकडं बघायची, आणि तुटलेला धागा बोटाला थुंकी लावून पुन्हा जोडायची.

रामहरी गेला तो इथं नव्हेच. जनावरांच्या डॉक्टरकीची पदविका घेऊन तो न्यूझीलंडला मेंढ्यांच्या एका मोठ्या फार्मवर कामाला लागला होता. धनगराचं पोर विमानात बसून मेंढरं राखायला गेलं म्हणून गाव हसलं होतं. तिकडं कोकरं जन्मायच्या दिवसांत ओढा उतरताना त्याची गाडी उलटली. घरी आली ती राखेची पेटी. थोरला भाऊ धनाजी, दीपालीचा नवरा, मुंबईहून ती छातीशी धरून घेऊन आला. हरणाबाई पेटीवर हात ठेवून म्हणाली, “हलकी हाय.” त्याउपर तिनं हंबरडा फोडला नाही, की कुणाजवळ त्याचं नाव काढलं नाही.

हयात असताना रामहरीनं तिकडूनच घरासाठी एक काम करून ठेवलं होतं. आईच्या घोंगड्यांचं दुकान त्यानं इंटरनेटवर मांडलं होतं. कुठल्या कुठल्या मुलखातली माणसं घोंगडी मागवत, पैसे आपल्या आपल्या चलनात भरत, आणि ते पैसे मधल्या एका पेमेंटवाल्याकडून रुपये होऊन येरमाळ्याच्या बँकेत उतरत. गावातले दोन विणकर मागावर बसत. हिशेब बी.कॉम. झालेल्या दीपालीकडं होता.

त्या वर्षी मार्च संपायला नऊ दिवस उरले असताना वाशीहून रणधीरचा फोन आला. तो साऱ्या तालुक्याची कराची विवरणपत्रं भरायचा आणि येताजाता टोमणे मारायचा.

“वहिनी, तुमच्या हिशेबात ‘देवाचं’ नावाचं एक खातं हाय. कुठला देव हो ह्यो?”

“ते होय. परदेशी पैसे उतरतात तेव्हा दोन-चार रुपयांचा फरक राहतो ना भाऊ. दर बदलतो. तेवढा मी तिथं टाकते.”

“दोन-चार? अठ्ठ्याण्णव हजार झालेत. लई खातोय तुमचा देव.”

दीपाली चटईवर बसली होती ती नीट बसली.

“विक्री कागदावर तेवढ्यानं फुगलीय,” रणधीर म्हणाला. “बँकेत आलेले पैसे बरोबर हायेत, पण बिलं जास्तीची हायेत. एकतीसच्या आत कुठं चुकलं ते शोधा. न्हाय तर मी काय लिहू, नैवेद्य दाखवला म्हणून?”

त्या खात्याला नाव तिनंच दिलं होतं. गेल्या एप्रिलापर्यंत ती वहीत नुसते उतरलेले रुपये लिहायची. मग रणधीरच्याच सांगण्यावरून हिशेबाचं सॉफ्टवेअर घेतलं आणि ते पेमेंटवाल्याला जोडून दिलं. तिकडं पैसे पडले की इकडं आपोआप बिल तयार व्हायचं, नोंद व्हायची. जोडताना सॉफ्टवेअरनं विचारलं होतं, बिल आणि जमा यांचा मेळ बसला नाही तर उरलेला फरक कुठं टाकू? दीपालीला तेव्हा सासूची सांजेची मोजणी आठवली.

मेंढरं घरी आली की हरणाबाई वाड्याच्या तोंडाशी उभी राहायची आणि एकेकीच्या पाठीवर हात टेकवत मोजायची. एक मेंढरू मात्र ती हात न लावता जाऊ द्यायची. ते देवाचं. सगळी मोजली की कळपाला नजर लागते. ती मोजताना गुणगुणायची,

सांजच्या पारी बाई, मेंढरं मोजियेली
एक सोडली मोजाया, ती गं देवाला ठेवली.

घरात सगळ्यालाच ती रीत होती. भाकरी मोजताना एक सोडायची, घोंगड्या मोजताना एक सोडायची. धनाजीच्या लग्नात ईटच्या बायकांनी विचारलं, “ल्योक किती, हरणाबाई?” तर ती म्हणाली होती, “एकच.” शेजारी उभा असलेला रामहरी हसून म्हणाला होता, “आई, मग मी काय शेजारचा हाय व्हय?” आणि आता, तो गेल्यापासून, कुणी विचारलं तर म्हातारी सांगायची, “दोन.” ऐकणाऱ्याला वाटायचं, दुःखानं डोकं फिरलं.

असं ते नाव पडलं. न जुळणारं जे काही असेल ते देवाचं. तिथं पुन्हा डोकवायचं नाही, हे ओघानंच आलं. ईटच्या माहेरी असती तर दीपालीनं ते खातं महिन्याच्या महिन्याला उघडून पाहिलं असतं. इथं वर्षभर तिनं त्याला हात लावला नव्हता.

तिनं लॅपटॉप उघडला. अंगणात हरणाबाई सूत कातत होती. सावली आली, चरखा थांबला, सावली गेली, चरखा फिरला.

खात्यात बारीक बारीक रकमा पुष्कळ होत्या. रुपया, सव्वा तीन रुपये, ऐंशी पैसे. त्यांच्यामध्ये बारा रकमा आठ-आठ हजारांच्या होत्या. बाराही महिने, दर महिन्याच्या सात तारखेला, एकाच गिऱ्हाइकाच्या. टुई फार्म, न्यूझीलंड.

हे गिऱ्हाईक घरात सगळ्यांना माहीत होतं. दुकान उघडल्यापासून दर महिन्याला एक काळी घोंगडी. रामहरी होता त्याच मुलखातला कुणी मेंढपाळ असेल, त्यानंच गाठून दिला असेल, असं धरून सगळे चालले होते; रामहरीच्या कागदांवर कंपनीचं नाव असायचं, फार्मचं नाव घरात कुणाला ठाऊक नव्हतं. घरात त्याला ‘टुईवाला’ म्हणायचे. त्याची घोंगडी हरणाबाई दुसऱ्या कुणाला विणू द्यायची नाही. गुडघे दुखत तरी स्वतः मागाच्या खड्ड्यात उतरायची, सुताला ताठपणा देणारी चिंचोक्याची खळही स्वतःच शिजवायची.

बिल होतं दोनशे चाळीस डॉलरचं. सॉफ्टवेअरनं डॉलरला चौऱ्याऐंशी धरून वीस हजार लिहिले होते. बँकेत उतरले होते बारा हजार. दीपालीनं बोटानं रेघ ओढत पुन्हा वाचलं आणि चूक तिच्या नजरेत आली. पैसे न्यूझीलंडच्या डॉलरमध्ये पडत होते. तो पन्नासला असतो. जोडणी करताना चलनांच्या यादीत चार-पाच डॉलर होते. तिनं युरोला युरो लावला, पौंडाला पौंड लावला, आणि जेवढे म्हणून डॉलर होते ते सगळे अमेरिकेच्या डॉलरला बांधून टाकले. डॉलर तो डॉलर, असं तिला वाटलं होतं. काळ्या मेंढरांत काळं मेंढरू मिसळावं तसं ते मिसळून गेलं.

दुरुस्ती अवघड नव्हती. न्यूझीलंडच्या डॉलरला त्याची जागा द्यायची, आणि बाराही बिलं ज्या दिवशी ज्या दरानं पैसे उतरले त्या दरानं पुन्हा करायची. दर बघायला तिनं पेमेंटवाल्याकडचा मूळ तपशील उघडला. तो तिनं आजवर कधी उघडला नव्हता, गरजच पडली नव्हती. मागणी फार्मच्या नावानं यायची. पैसे कुणाच्या खात्यातून आले, ते मात्र इथं खाली लिहिलेलं होतं.

रामहरीचं नाव. आडनावासकट.

तिनं दुसरा महिना उघडला. तिसरा. दिवाळीतला, संक्रांतीतला. याच महिन्यातला, पंधरा दिवसांपूर्वीचा. सगळीकडं तेच नाव. खाली बारीक अक्षरात होतं, दर महिन्याच्या सात तारखेला, रद्द करेपर्यंत. आणि त्याखाली मागणीबरोबरची सूचना, इंग्रजीत, दर वेळी तीच : काळी, रंग न देता, खळ कमी.

चरखा थांबला. सावली लॅपटॉपवरून, तिच्या हातांवरून गेली. या खेपेला दीपालीनं मान वर केली.

तो जाऊन दीड वर्ष झालं होतं.

सांजेला धनाजी कळप घेऊन आला. हरणाबाई मोजणीला उभी होती. दीपालीनं नवऱ्याला गोठ्यामागं नेऊन सांगितलं. त्यानं काठीच्या टोकानं माती उकरली.

“पैसं तर त्याचं हायेत,” तो म्हणाला. “खातं बंद झालं न्हाय, म्हणून जातायत. त्ये बंद करायचा त्या बँकेचा कागद कपाटात पडलाय. आईचा अंगठा पायजे. तीन डाव नेला म्या तिच्याम्होरं. तिन्ही डाव म्हणली, हाताला खळ लागलीय.”

“मग आता?”

“तू हिशेब नीट कर. आईला सांगू नको. ती त्या टुईवाल्यासाठी जगतीया. ल्योकच गिऱ्हाईक हुता, आन् त्योबी न्हाय, हे कळलं तर पुन्हा मागावर बसायची न्हाय.”

“आणि दर महिन्याला गेलेल्या माणसाकडून पैसे घेत राहायचे? अवं, घोंगड्या जातात कुठं मग? पोचल्याचा निरोप तर दर वेळी येतो.”

वाड्याच्या तोंडाशी म्हातारीचा आवाज चालला होता, बेचाळीस, त्रेचाळीस, मध्ये एक पाऊल मुकं.

दीपालीनं टुई फार्मच्या पत्त्यावर मेल लिहिला. सरळच विचारलं, घोंगड्या मिळतात का, कोण वापरतं. दोन दिवस ती फोन पदराखाली घेऊन फिरली. तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. फार्मच्या मालकिणीचं होतं; रामहरी तिच्याकडंच कामाला होता. तिनं ते चुलीपुढं उभं राहून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि धनाजीनं नको म्हटलं असूनही अंगणात सासूजवळ जाऊन बसली.

हरणाबाई कातत होती आणि स्वतःशीच म्हणत होती,

घोंगडी विणीते, काळ्या गं लोकरीची
पाण्याच्या पल्याड, थंडी सरंल कुणाची.

“आत्या,” दीपाली म्हणाली, “टुईवाला कोण ते मला कळलं.”

चरखा थांबला नाही. “कळलं व्हय? उशिरा कळलं.”

“म्हणजे? तुम्हाला ठावं होतं?”

“पहिल्याच घोंगडीला. तूच वाचून दावलं न्हाईस का, खळ कमी लावा म्हनून. चिंचोक्याची खळ लावत्यात हे गोऱ्या मानसाला काय ठावं? बारका हुता तवापास्नं त्याच्या मानेला घोंगडी टोचायची. त्याची एकट्याची म्या अर्ध्या खळीची करायची.” म्हातारीनं लोकरीचा पेळू बदलला. “आईचा माग बंद पडू ने म्हनून ल्योक चोरून गिऱ्हाईक झाला. म्याबी चोरून विकली.”

“पण आत्या, भावजी गेल्यावर...”

“गेल्यावर बी मागतोयच की.”

उन्हं होती, कोंबड्या चरत होत्या, पलीकडं मागाचा ठोका पडत होता, आणि म्हातारी शेजारच्या गावाला गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत होती.

“मागनारा हाय तवर मानूस हाय,” हरणाबाई म्हणाली. “त्या कागदावर अंगठा दिला म्हंजी मागनं बंद. म्हनून न्हाय दिला. म्या त्याला एकडाव सोडला, दीपे. आता न्हाय सोडायची.”

“तुम्ही कुठं सोडला?”

म्हातारीनं आता कुठं चरखा थांबवला. सावली नसताना थांबवला.

“ल्योक किती म्हनून कुनी इचारलं की म्या एकच म्हनायची. धनाजीला मोजायची, धाकट्याला सोडायची. नजर लागू ने म्हनून. त्यो हसायचा. देवानं बरूबर त्येच नेलं, जे म्या त्येच्या वाट्याचं ठिवलं हुतं. आता दोन सांगती. पर आता कोन मोजून घेतंय?”

दीपालीला आपल्या खात्याचं नाव आठवलं. वर्षभर तिनंही त्याला तिथंच टाकला होता. तिनं फोन पुढं केला.

“तिकडच्या मालकिणीचं पत्र आलंय. वाचू?”

“वाच.”

तिनं इंग्रजीतलं आपल्या भाषेत करत करत वाचलं. पहाटे दहिवरानं कोकरं लाकडागत कडक व्हायची. रामहरी त्यांना घोंगडीत गुंडाळून चुलाणापाशी निजवायचा. घोंगडीच्या धुरकट वासानं कोकरं गप व्हायची. दर महिन्याला पुडकं आलं की तो तिथंच उभा राहून फोडायचा आणि आधी नाकाला लावायचा. तो गेल्यावरही पुडकी येत राहिली. आम्हाला वाटलं, घरचे त्याच्या आठवणीसाठी पाठवतात. ती फोडायला कुणाचा हात धजला नाही. त्याच्या खोलीत, त्याच्या खाटेवर, अठरा पुडकी तशीच रचून ठेवलीत.

“तशीच?” हरणाबाईनं विचारलं.

“तशीच. न फोडता.”

“दीड साल घडीत?”

“व्हय.”

म्हातारी उठली. गुडघ्यावर हात देऊन, पण झटक्यात उठली. “अगं, कसर लागंल की. लोकर घडीत ठिवत्यात व्हय? चार उन्हं दावावी लागत्यात, आंथरावी लागती, पांघरावी लागती. घडीतली घोंगडी आतल्या आत पीठ हुती. कसली येडी मानसं हायेत तिकडं?”

तिचा आवाज चढला तसे मागावरचे विणकर हात थांबवून बघू लागले. ती अंगणात फेऱ्या मारू लागली. लोकरीच्या ढिगापाशी जाऊन तिनं मूठभर लोकर उपसली, उन्हात धरली, परत टाकली.

“त्याला थंडी वाजती म्हनून म्या इनत हुते,” ती म्हणाली. “आन् त्यो तर पांघरतच न्हाय.”

एवढं बोलून ती खाली बसली आणि दीड वर्षानं रडली. आवाज न करता, तोंडात पदर कोंबून. दीपाली तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. सावली दोन-तीनदा आली आणि गेली, पण म्हातारीनं दाराकडं बघितलं नाही.

तोंडातला पदर काढून ती म्हणाली, “त्या बाईला लिही. अठराच्या अठरा फोडा. उन्हं दावा. कोकरांवर टाका, कोकरं न्हाय तर कुत्र्यावर टाका, पर टाका. लिव्हलंस?”

“लिहिते.”

“आन् त्यो कागद काढ.”

तिनं रांजणातलं पाणी घेतलं, दगडावर हात घासले, बोटांच्या पेरांतली वाळलेली खळ नखानं खरवडून काढली. दुसऱ्या दिवशी वाशीला नोटरीपुढं तिचा अंगठा उमटला तो स्वच्छ, रेघन्‌रेघ दिसावी असा. कागद तिथूनच कुरिअरनं गेला. पोचायला पंधरा-वीस दिवस लागतील, असं खिडकीवरच्या माणसानं सांगितलं.

एकतीसच्या आत दीपालीनं बाराही बिलं दुरुस्त केली. यादीत न्यूझीलंडच्या डॉलरला त्याची स्वतःची ओळ दिली. एकेक महिना उघडायचा, पैसे खरोखर ज्या दरानं उतरले तो दर घालायचा, पेमेंटवाल्याची कपात वेगळी दाखवायची आणि फरक ‘देवाचं’मधून बाहेर काढायचा. प्रत्येक नोंदीला सॉफ्टवेअर विचारायचं, मेळ बसला, पक्कं करू? आणि ती पक्कं म्हणताना मनात आकडा धरायची. एक. दोन. तीन. बारा झाल्यावर त्या खात्यात उरले सदतीस रुपये. रणधीरचा फोन आला. “वहिनी, देवाला उपाशी ठेवलं की.” ती हसली नाही.

एप्रिल उजाडला. येडेश्वरीच्या यात्रेच्या गाड्या रस्त्यानं धावू लागल्या. सात तारखेला दुपारी दीपाली मेथी निवडत होती, तेव्हा फोन वाजला. तिनं मेथीचे हात लुगड्याला पुसले आणि बघितलं. एक काळी, रंग न देता, खळ कमी. कागद अजून समुद्राच्या कुठल्या अंगाला होता कोण जाणे.

तिनं हिशेब उघडून पाहिला. बिल आपोआप तयार झालं होतं, ज्याच्या त्याच्या चलनात, त्या दिवसाच्या दरानं. पैशाला पैसा जुळला होता. देवाच्या खात्यात काहीच पडलं नाही. ती त्या रिकाम्या ओळीकडं बघत राहिली. आठ हजारांचा फरक होता तेव्हा कुणीतरी वारंवार दार वाजवत होतं, आणि आपण ओ दिली नाही, असं तिच्या मनात आलं. आता ओ दिली, तर वाजवणं थांबणार होतं.

अंगणातून हरणाबाईनं विचारलं, “सात तारीख न्हवं आज?”

“व्हय, आत्या.”

“आला?”

“आला.”

पवनचक्कीची सावली उंबऱ्यावर चढली, रेंगाळली, उतरली.

“मोजलास?”

“मोजला.”

म्हातारी मडक्याकडं गेली. खळीसाठी चिंचोके भिजत घालायचे होते. तिनं ओंजळ भरून घेतली, क्षणभर तशीच धरली, आणि अर्धी परत मडक्यात सोडली.